महाकालाचे देऊळ आणि शिंद्यांची उज्जैनी

आपल्या घरोघरी वर्षप्रतिपदेस ज्या पंचांगाचे पूजन होते, त्याच्या गणिताचा पाया प्राचीन काळी एका रेषेवर घातला गेला होता. लंकेपासून निघून उज्जयिनीवरून कुरुक्षेत्राकडे जाणारी रेषा हीच पृथ्वीची मध्यरेखा, असे सिद्धान्तकारांनी मानिले होते. ज्योतिषांची लंका हे विषुववृत्तावरील एक कल्पित स्थान होय. सिंहलद्वीपाशी ते तंतोतंत जुळत नाही. तथापि उज्जयिनी आणि सिंहलद्वीप यांची सांगड केवळ गणितातच होती असे नाही. अशोक युवराज असताना उज्जयिनीस अधिकारी होता आणि त्याचा पुत्र महेंद्र याने पुढे सिंहलद्वीपात बौद्ध धर्म नेला, असे 'महावंस' हा पाली ग्रंथ सांगतो.

या दोन स्थानांच्या इतिहासात आणखी एक साम्य आहे आणि ते पाहून मन उदास होते. सिंहलद्वीपाच्या डोंगराळ प्रदेशात वसलेल्या कँडीच्या राज्याने पोर्तुगीज व डच या दोन्ही दर्यावर्दी सत्तांशी झुंजून दोनशेहून अधिक वर्षे आपले स्वातंत्र्य राखिले. अखेर २ मार्च १८१५ रोजी ते इंग्रजांच्या स्वाधीन झाले, तेव्हा मोठी लढाई अशी झालीच नाही. राजा व त्याचे प्रधान यांच्या वैरातून तो दिवस उगवला. इकडे शिप्रेच्या तीरावर ज्या शिंदेशाहीने आपले पहिले ठाणे मांडिले, तिचे स्वतंत्र तेज १८०३ साली मावळले. तेथे लढाया झाल्या, शूर शिपाई धारातीर्थी पडले; परंतु लढाईच्या आधीच राज्य आतून पोखरले गेले होते. या दुसऱ्या कथेत आपल्या समाजातील पुरुषांचा वाटा मोठा आहे. राज्याच्या उभारणीत तो आहे, तसाच राज्य दुभंगले त्या कलहातही आहे. म्हणून ती कथा आपण अभिमानाने आणि तितक्याच प्रामाणिकपणे वाचिली पाहिजे.

देवळाची उभारणी

दिल्लीचा सुलतान अल्तमश याने इ. स. १२३४-३५ च्या सुमारास माळव्यावर स्वारी करून उज्जयिनीचे महाकालाचे प्राचीन देवालय पाडले. त्यानंतर सुमारे पाचशे वर्षे ती नगरी मांडूच्या सुलतानांच्या व पुढे मोगल सुभेदारांच्या अमलाखाली होती. यात्रेकरू येत, शिप्रेत स्नान करीत, कोटितीर्थावर संकल्प सोडीत. परंतु ज्योतिर्लिंगास साजेसे देवालय तेथे नव्हते.

मराठ्यांचा माळव्यात खरा शिरकाव झाला तो २९ नोव्हेंबर १७२८ च्या अमझेऱ्याच्या लढाईने. चिमाजीअप्पांनी त्या दिवशी मोगल सुभेदार गिरिधरबहादूर व त्याचा नातलग दयाबहादूर या दोघांचाही नाश केला. लगोलग उज्जैनला घातलेला वेढा मात्र त्यांस सोडावा लागला. पुढे दोन-तीन वर्षांतच माळव्याच्या वाटण्या होऊन शिंदे, होळकर व पवार या तिघा सरदारांकडे प्रांत आला. त्यात उज्जैनी राणोजी शिंद्यांच्या वाट्यास आली. राणोजी सातारा प्रांतातील कण्हेरखेडचे पाटील. बाळाजी विश्वनाथ व बाजीराव यांच्या पदरी एका साध्या सेवकापासून ते सरदारीपर्यंत चढले होते. तलवार व निष्ठा यांची त्यांच्याकडे वाण नव्हती. नव्याने जिंकलेल्या मुलखाची जमाबंदी, मोकाशाचे हिशेब, जमीनदारांशी बोलणी आणि दिल्लीकरांशी पत्रव्यवहार ही कामे मात्र वेगळ्या जातीची होती. त्यासाठी त्यांजकडे दिवाण म्हणून आले रामचंद्र मल्हार सुखटणकर. तत्कालीन कागदपत्रांत व लोकांच्या तोंडी ते रामचंद्रबाबा शेणवी या नावाने प्रसिद्ध आहेत.

महाकालाच्या आजच्या देवालयाची उभारणी याच रामचंद्रबाबांच्या हातून झाली. १७३४ हे तिचे साल सामान्यतः सांगितले जाते. दक्षिणाभिमुख ज्योतिर्लिंग भूमीच्या पातळीखालील गाभाऱ्यात, त्यावर ओंकारेश्वर आणि सर्वांत वर वर्षातून एकदा, नागपंचमीस, दर्शनास उघडणारा नागचंद्रेश्वर, अशी या देवालयाची तीन मजली रचना आहे. शेजारी कोटितीर्थाचे कुंड आहे. पहाटेच्या भस्मारतीसाठी दूरदूरचे भाविक आजही रात्रीपासून तिष्ठत असतात. त्यांतील किती जणांस रामचंद्रबाबांचे नाव ठाऊक असेल, हा प्रश्न निराळा.

मला येथे थोडे थांबावेसे वाटते. देवालये पुष्कळ श्रीमंतांनी बांधिली. परंतु रामचंद्रबाबांच्या बाबतीत एक गोष्ट विसरून चालणार नाही. ते श्रीमंगेशाचे परम भक्त होते. मंगेशाचे मूळ स्थान साष्टीतील कुशस्थळी, म्हणजे कुठ्ठाळी. तो मुलूख १५४३ साली पोर्तुगीजांकडे गेला आणि १५६० च्या सुमारास सक्तीच्या धर्मांतराचा वरवंटा फिरू लागला, तेव्हा महाजनांनी लिंग उचलून नदीपार अंत्रुज महालातील प्रियोळ येथे नेले. तो महाल हिंदू राजांच्या अमलाखाली होता, म्हणून देव वाचला. ज्या कुळांनी आपला देव असा खांद्यावरून दुसऱ्याच्या राज्यात नेऊन बसविला, त्यांच्या पुढल्या पिढ्यांत ही आठवण किती खोल असेल, हे आपणांस सांगावयास नको. पोर्तुगीजांविरुद्ध मराठ्यांचे हात यशस्वी झाले त्या १७३९ साली पेशव्यांनी मंगेशी हा गाव देवस्थानास इनाम दिला, तोही रामचंद्रबाबांच्याच सूचनेवरून. एका हाताने विस्थापित कुलदेवाच्या नंदादीपाची कायमची तरतूद करावी आणि दुसऱ्या हाताने शेकडो कोसांवर पाचशे वर्षे देवालयावाचून राहिलेल्या ज्योतिर्लिंगावर शिखर चढवावे, या दोन कृत्यांची प्रेरणा एकच असावी असे मला वाटते.

मुत्सद्दी, बक्षी आणि पाटीलबाबा

राणोजी १७४५ साली वारले. रामचंद्रबाबा पुढे पुण्यास सदाशिवरावभाऊंच्या मसलतीत वावरले. परंतु त्यांनी पाडलेली वाट बुजली नाही. सावंतवाडी, पेडणे, बारदेश या बाजूंची अनेक सारस्वत घराणी शिंद्यांच्या दौलतीत शिरली. घरची बोली कोकणी आणि दप्तराची लेखणी मराठी, असे हे लोक होते. पुण्याच्या दरबारात त्यांना फारसा वाव नव्हता. ब्राह्मणांतील पोटभेदांची तेढ तेथे तीव्र होती. शिंद्यांकडे मात्र कर्तृत्वास मोल होते. हळूहळू दौलतीचे दप्तर, खजिना आणि सैन्याची हजेरीही त्यांच्या हाती आली.

शिंदे घराण्यावर मध्यंतरी मोठे संकट कोसळले. १७५५ मध्ये जयाप्पा नागोरास दग्याने मारले गेले. १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी बुराडी घाटावर पडले. पानिपतच्या रणधुमाळीत १४ जानेवारी १७६१ या दिवशी तुकोजी गेले आणि जयाप्पांचे चिरंजीव जनकोजी शत्रूच्या हाती सापडून मारले गेले. राणोजींच्या पुत्रांपैकी एकटे महादजी उरले, तेही पायास कायमचे अधूपण घेऊन. १७६८ मध्ये त्यांजकडे सरदारी मुक्रर झाली आणि पुढल्या पंचवीस वर्षांत या लंगड्या पुरुषाने हिंदुस्थानचे राजकारण आपल्या हाती आणिले. १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रज व पेशवे यांच्यामधील मध्यस्थी त्यांनीच केली. १७८४ च्या अखेरीस दिल्लीच्या बादशहाकडून वकील-इ-मुतलक ही पदवी पेशव्यांच्या नावे त्यांनी मिळविली आणि तिचा कारभार स्वतः चालविला. इतके होऊनही ते स्वतःस पाटील म्हणवीत आणि लोकही त्यांना 'पाटीलबाबा' म्हणत.

महादजींचे यश दोन खांबांवर उभे होते. एक खांब म्हणजे द बॉयने या सावोय प्रांतातील सेनानीने उभारलेल्या कवायती पलटणी, म्हणजेच कंपू. या कंपूंनी १७९० साली पाटण व मेडता येथे रजपुतांचा मोड केला. दुसरा खांब म्हणजे जुने सरदार व मुत्सद्दी. जिवबादादा बक्षी हे पेडण्याकडील केरीचे. मूळ आडनाव केरकर. ते शिंदेशाहीचे बक्षी, म्हणजे फौजेचा पगार, हजेरी व प्रसंगी सेनापतित्व हे सारे सांभाळणारे. लखबादादा लाड यांनी १७८७-८८ मध्ये आग्र्याचा किल्ला इस्माईलबेगाच्या वेढ्यातही लढवून राखिला. लालसोटच्या मोहिमेनंतर महादजींचे उत्तरेतील आसन डळमळले होते, त्या वेळी आग्रा हातचा गेला नाही म्हणूनच ते पुन्हा स्थिर झाले. बाळोबातात्या पागनीस यांजकडे कारभार होता.

या उभारणीत एक दोष मात्र होता आणि तो तेव्हा कोणास फारसा जाणवला नसावा. कंपूंचा पगार उज्जैनच्या खजिन्यातून जात नसे. गंगा-यमुनांच्या दुआबातील सुपीक परगणे त्यासाठी द बॉयनेस लावून दिले होते. मुलूख त्याचा, वसूल त्याचा, फौज त्याची. द बॉयने धन्याशी इमानी राहिला, म्हणून ही व्यवस्था चालली. परंतु जी व्यवस्था एका माणसाच्या इमानावर चालते, तिला व्यवस्था कसे म्हणावे? १७९५ च्या अखेरीस द बॉयने प्रकृतीच्या कारणाने नोकरी सोडून गेला आणि ते सारे सामर्थ्य पेरॉन नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याकडे गेले.

घरचा कलह

१२ फेब्रुवारी १७९४ रोजी पुण्याजवळ वानवडी येथे महादजींनी देह ठेविला. त्यांना औरस पुत्र नव्हता. भाऊ तुकोजींचा नातू दौलतराव गादीवर आला, तेव्हा त्याचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते. आरंभी जुन्या मंडळींनी गाडा नीट ओढला. ११ मार्च १७९५ रोजी खर्ड्यास निजामाचा पराभव झाला, त्या विजयात जिवबादादांच्या हाताखालील शिंद्यांच्या फौजेचा वाटा मोठा होता. ही मराठ्यांची एकजुटीची शेवटची लढाई. पुढील वर्षाच्या आरंभीच जिवबादादा निवर्तले. नव्या-जुन्यांना, कंपूंना आणि सरदारांना एका सूत्रात बांधणारा माणूस गेला.

मग दुहीला वाव मिळाला. महादजींच्या स्त्रिया लक्ष्मीबाई, यमुनाबाई व भागीरथीबाई यांच्या मानमरातबाची व खर्चाची तरतूद दौलतरावाने कबूल केली होती; ती पाळली गेली नाही. १७९८ मध्ये दौलतरावाचा विवाह कागलकर सर्जेराव घाटगे यांच्या कन्येशी, बायजाबाईंशी झाला आणि सासऱ्याच्या हाती कारभार गेला. सर्जेरावाने पैसा उभारण्यासाठी पुण्याच्या सावकारांवर केलेले जुलूम प्रसिद्ध आहेत. वडीलधाऱ्या बायांचीही त्याने विटंबना केली व त्यांना नगरच्या किल्ल्यात कैदेस पाठविण्याचा घाट घातला. वाटेत त्यांच्या पक्षाच्या स्वारांनी त्यांची सुटका केली आणि 'बायांचे बंड' म्हणून इतिहासास ठाऊक असलेला घरगुती युद्धाचा वणवा पेटला.

शिंदेशाहीतील सारस्वत मंडळींचा ओढा बायांकडे होता. महादजींच्या घराची अब्रू ती आपली अब्रू, ही त्यामागील एक भावना. आपला हातचा अधिकार जातो आहे, ही दुसरी. दोन्ही खऱ्या होत्या. पहिलीच तेवढी सांगून दुसरी झाकणे हे इतिहासास धरून होणार नाही. लखबादादांनी एप्रिल १८०० मध्ये मालपुऱ्यास जयपूरकरांचा पराभव करून दौलतीचा दबदबा राखिला होता. परंतु त्याच वर्षी दरबारची संशयी दृष्टी त्यांजकडे वळली आणि ते उघडपणे बायांच्या पक्षास जाऊन मिळाले. बाळोबातात्या पागनीस नगरच्या किल्ल्यात कैदेत १८०० मध्ये वारले. त्यांचे बंधू धोंडिबा यांस तोफेच्या तोंडी देण्यात आले. जिवबादादांचे पुत्र नारायणराव बक्षी यांना अंगास बाण बांधून, ते पेटवून मारण्यात आले. खर्ड्याच्या विजयास अद्याप सहा वर्षेही झाली नव्हती. ज्या बापाने फौजेची हजेरी घेतली, त्याच्या मुलाची त्याच फौजेच्या छावणीत ही गत झाली.

१८०१ च्या उन्हाळ्यात दतियाच्या मुलखात सेवढ्यास लखबादादा व बायांचा पक्ष यांच्यावर पेरॉन चालून गेला. शिंद्यांच्या पैशावर वाढलेले कंपू शिंद्यांच्याच जुन्या सरदारावर तोफा डागत होते. लखबादादांचा पराभव झाला. १८०३ च्या आरंभी, खरे युद्ध उभे राहण्यापूर्वीच, ते राजपुतान्यात वारले.

दोन नगऱ्यांची दुर्दशा

या अवधीत उज्जैनीचे काय चालले होते? दौलतराव १७९४ पासून १८०० च्या अखेरपर्यंत बहुतेक पुण्यासच गुंतून राहिला. राजधानी धन्यावाचून होती. एप्रिल १८०१ मध्ये विठोजी होळकरास पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले. त्याचा भाऊ यशवंतराव आधीच शिंद्यांवर चवताळलेला होता. जुलै १८०१ मध्ये त्याने उज्जैनजवळ शिंद्यांच्या हेसिंग नावाच्या सेनानीच्या पलटणी कापून काढल्या. त्यांतील गोऱ्या अंमलदारांपैकी फारच थोडे जिवंत सुटले. मग यशवंतरावाने शहरातून जबर खंडणी वसूल केली. ऑक्टोबरात शिंद्यांची पाळी आली. इंदुरास यशवंतरावाचा पराभव झाल्यावर सर्जेरावाने ते शहर निर्दयपणे लुटले. उज्जैन व इंदूर यांमध्ये जेमतेम दोन मजलांचे अंतर आहे. राणोजी व मल्हारराव यांनी एकाच वेळी, एकाच धन्याच्या सेवेत वसविलेल्या या दोन गाद्या. सत्तर वर्षांनी त्यांनी एकमेकींची धूळधाण केली, तेव्हा मध्य हिंदुस्थानात एकही परकी पलटण उतरलेली नव्हती.

पुढील घटना सर्वश्रुत आहेत. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतरावाने पुण्याजवळ शिंदे व पेशवे यांच्या फौजेचा पराभव केला. बाजीराव वसईस पळाला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी इंग्रजांशी तह करून त्याने त्यांची तैनाती फौज स्वीकारली. शिंदे व नागपूरकर भोसले या तहाविरुद्ध उभे राहिले. यशवंतराव बाजूस राहून पाहत बसला. १८०३ च्या ऑगस्टात युद्ध सुरू झाले.

कंपूंची परीक्षा आता होती. युद्ध पेटताच कंपनी सरकारने शिंद्यांच्या चाकरीतील गोऱ्या अंमलदारांना ती चाकरी सोडण्याचे आवाहन केले, अभयही दिले. बरेचसे निघून गेले. सप्टेंबरच्या आरंभी अलीगढचा किल्ला पडला व पेरॉन स्वतःच इंग्रजांच्या आश्रयास गेला. दुआबातील परगणे गेले, म्हणजे पलटणींचा पगारही गेला. ११ सप्टेंबरला दिल्लीची लढाई होऊन ती नगरी गेली, १८ ऑक्टोबरला आग्रा गेले. लखबादादांनी ज्या किल्ल्याच्या भिंतीआड एक अख्खा वेढा सोसला होता, तो राखावयास आता लखबादादा नव्हते.

तरीही हिंदी शिपाई हटला नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या रणात शिंद्यांच्या तोफांनी वेलस्लीच्या सैन्याची अशी दाणादाण केली की त्याचे सुमारे सोळाशे लोक मेले वा जखमी झाले. गोलंदाज आपल्या तोफा सोडून गेले नाहीत, तोफांपाशीच मेले. १ नोव्हेंबर रोजी लासवारीस तर नायकावाचून उरलेल्या पलटणी निकराने लढल्या आणि खुद्द शत्रूच्या सेनापतीने त्यांची वाखाणणी केली. शौर्याची उणीव नव्हती. उणीव होती ती त्या शौर्याला हुकूम देणाऱ्या विश्वासू माणसांची, आणि ती माणसे शिंद्यांच्या दरबाराने स्वतःच्या हाताने नाहीशी केली होती. आडगाव व गाविलगड येथील पराभवांनंतर ३० डिसेंबर १८०३ रोजी सुर्जी-अंजनगावचा तह झाला. दुआब, दिल्ली, आग्रा, भडोच, अहमदनगर हे सारे गेले.

उज्जैनी शिंद्यांकडे राहिली. परंतु तिची कळा गेली होती. सर्जेराव १८०९ मध्ये शिंद्यांच्याच छावणीतील झटापटीत मारला गेला. १८१० मध्ये दौलतरावाने ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली तळ दिला. त्या लष्करी तळाचेच पुढे शहर झाले आणि 'लष्कर' हेच त्याचे नाव पडले. सुमारे ऐंशी वर्षांची राजधानी हलली. ५ नोव्हेंबर १८१७ च्या तहाने दौलतराव इंग्रजांस बांधला गेला. त्याच वर्षी २१ डिसेंबरला होळकरांची फौज महिदपुरास इंग्रजांकडून पराभूत झाली. महिदपूर उज्जैनच्या खाली, त्याच शिप्रेच्या काठी आहे. शिंद्यांच्या नदीकाठी होळकर बुडत होते आणि शिंदे तहाने बांधलेले असल्यामुळे स्वस्थ होते.

कँडीचा आरसा

आता पुन्हा त्या मध्यरेखेच्या दक्षिण टोकाकडे वळू. १७९८ मध्ये, म्हणजे दौलतरावाच्या लग्नाच्याच वर्षी, कँडीच्या गादीवर श्रीविक्रम राजसिंह हा अठरा वर्षांचा तरुण बसला. तो मदुरेकडील नायक्कर घराण्यातला. मूळचा हिंदू असलेला हा वंश १७३९ पासून कँडीत राज्य करीत होता आणि बुद्धाच्या दंतधातूच्या देवालयाचे पालन करणे हे आपले राजकर्तव्य मानीत होता. या तरुणास गादी मिळवून दिली ती पिलिमतलवे या महत्त्वाकांक्षी प्रधानाने. १८०३ मध्ये इंग्रजांनी कँडी घेतली, पण त्यांची शिबंदी काही महिन्यांतच नष्ट झाली. असईच्या वर्षी कँडी जिंकत होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पण जे शत्रूला साधले नाही ते संशयाने साधले. राजाने पिलिमतलवेस देहान्त शासन दिले. त्यानंतरचा प्रधान एहेलपोल इंग्रजांकडे पळाला, तेव्हा १८१४ मध्ये त्याच्या बायकोमुलांचा राजाने क्रूरपणे वध करविला. त्या एका कृत्याने प्रजेचे मन उडाले. पुढील वर्षी इंग्रज फौज चालून आली तेव्हा सरदारांनीच तिला वाट दिली. राजा कैद होऊन वेल्लोरास आला व १८३२ मध्ये तेथेच वारला. सरदारांस आपणच राज्य करू असे वाटत होते. १८१७-१८ च्या त्यांच्या उठावाचा इंग्रजांनी मोड केला, तेव्हा त्यांचाही भ्रम फिटला.

नारायणराव बक्षी आणि एहेलपोलाची मुले यांच्या मरणात फार अंतर नाही. दोन्हीकडे अल्पवयीन राजा, दोन्हीकडे प्रधानांची चुरस, दोन्हीकडे रागाच्या भरात केलेला आप्तवध आणि दोन्हीकडे दाराशी धीराने थांबलेला तोच परका व्यापारी. पराक्रम, दारूगोळा व पैसा यांचे महत्त्व मी नाकारीत नाही. कंपनीचा खजिना मोठा होता, तिच्या अंमलदारांचा पगार वेळच्या वेळी होई आणि एक गव्हर्नर गेला तर दुसरा येऊन तेच धोरण चालवी. आपल्याकडे एक जिवबादादा गेले आणि दौलतीचे सूत्र तुटले.

काय उरले

राज्ये गेली, देवळे उरली. कँडीत दंतधातूचे मंदिर उभे आहे. उज्जैनीत महाकालाचे शिखर उभे आहे. बायजाबाईंनी बांधविलेले गोपालमंदिरही चौकात उभे आहे. ज्यांच्या पित्याने राज्य बुडविण्यास हातभार लावला, त्या बाईंनी देवालय बांधिले, ही इतिहासाची गंमत म्हणावी की प्रायश्चित्त, हे वाचकांनीच ठरवावे. १९४८ मध्ये ग्वाल्हेर संस्थान मध्यभारतात विलीन झाले. त्यानंतरही महाकालाची पहाटेची आरती चुकली नाही.

देवळे का उरली, याचा मात्र आपण विचार करावा. देव समर्थ आहे, हे उत्तर श्रद्धेचे आहे आणि ते मला मान्य आहे. पण इतिहासाचे आणखी एक उत्तर आहे. मंगेशीचा देव कुशस्थळीहून निघाला तेव्हा त्याच्याबरोबर महाजनांची व्यवस्थाही निघाली. पूजा कोणाकडे, पालखीचा मान कोणाकडे, उत्पन्नाचा हिशेब कोणी ठेवावयाचा, हे ठरलेले होते आणि ते एका माणसाच्या मर्जीवर नव्हते. म्हणून अंत्रुजाचे हिंदू राजे गेले, पेशवे गेले, १७६३ नंतर तो महालही पोर्तुगीजांकडे गेला, १९६१ मध्ये पोर्तुगीजही गेले. आणि नंदादीप राहिला. शिंदेशाहीत हेच नव्हते. तेथे सारे काही माणसांवर होते: महादजींच्या दृष्टीवर, द बॉयनेच्या इमानावर, जिवबादादांच्या वजनावर. ती माणसे मोठी होती, म्हणूनच त्यांच्यामागे उरलेली पोकळीही मोठी झाली.

आपल्या देवस्थानांत व संस्थांत आजही मानपानाचे, हक्काचे व हिशेबाचे तंटे उठतात. काही न्यायालयापर्यंत जातात. त्या वेळी प्रत्येक पक्षास आपलीच बाजू घराण्याच्या अब्रूची वाटते. लखबादादांसही तसेच वाटले होते आणि त्यांची बाजू पुष्कळ अंशी खरीही होती. तरी सेवढ्याच्या रणात दोन्हीकडून पडला तो शिंद्यांचाच माणूस, आणि दोन वर्षांनी आग्र्यास त्याची जागा भरून काढणारा कोणी नव्हता.

पुढील यात्रेस जे उज्जैनीस जातील त्यांनी महाकालाच्या गाभाऱ्यातून वर येताना क्षणभर थांबून रामचंद्रबाबांचे स्मरण करावे. आणि त्यांच्यामागून त्याच दौलतीत आलेल्या बाळोबातात्या, धोंडिबा, नारायणराव व लखबादादा यांचेही करावे. एकाने जे बांधिले ते उभे आहे. बाकीच्यांनी जे राखण्याचा यत्न केला ते त्यांच्याच भांडणात गेले. या दोन्ही गोष्टी आपल्याच कुळांच्या आहेत, आणि एक सांगताना दुसरी गाळण्याचा अधिकार आपणांस नाही.